गॅरंटर म्हणजे साक्षीदार नव्हे

तळेगाव श्यामजी पंतच्या बचत गटातल्या आम्ही बाया बोलत आहोत. आपलं गाव नागपूर-अमरावती महामार्गावरचं. बायपास, डायव्हर्शन हे शब्द आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाहीत, तरी कळतात. कारण समोर रस्ता दिसतो. कर्जाच्या फॉर्मवरच्या शब्दासमोर मात्र नुसती सहीची रेघ असते.

आमच्या गटातल्या एका काकूंनी नात्यातल्या एकाच्या कर्जाच्या कागदावर सही केली. "साक्षीदार म्हणून लागते, बाकी काही नाही," असं त्यांना सांगितलं होतं. पुढे हप्ते थकले आणि नोटीस काकूंच्या घरी आली. सहीखाली 'गॅरंटर' छापलेलं होतं. काकू म्हणाल्या, "मले वाटलं, माणूस चांगला हाये एवढंच सांगाचं." तेव्हापासून बैठकीत हिशेब आटोपला की आम्ही दोन-तीन इंग्रजी शब्द घेतो.

पहिला तोच घेतला. आपण गॅरंटर म्हणतो, इंग्रजीत शेवटावर जोर देऊन 'गॅरन्टॉर' म्हणतात. अर्थ, जामीनदार. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात. त्याने फक्त सही होताना पाहिलेली असते, पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत. वाक्य असं: "आय ॲम अ विटनेस, नॉट अ गॅरन्टॉर." मी साक्षीदार आहे, जामीनदार नाही. पण नुसतं तोंडी म्हणून भागत नाही बरं का, सहीखाली काय छापलं आहे ते वाचून घ्यायचं. तिथे 'को-बॉरोअर' असेल तर आपण सहकर्जदार झालो.

दुसरा शब्द गमतीचा. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात आणि तारखेलाही 'डेट'. मराठीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात. कर्जाच्या शब्दात मधे बी हे अक्षर असतं, पण ते बोलायचं नाही, आणि 'डे' झटकन म्हणायचा. तारखेचा 'डे' लांबवायचा. 'ड्यू डेट' म्हणजे हप्त्याची शेवटची तारीख. "व्हॉट इज द ड्यू डेट?" हप्ता कधीपर्यंत भरायचा? ती तारीख उलटली की हप्ता 'ओव्हरड्यू', म्हणजे थकीत.

'रिसीट' म्हणजे पावती. लिहिताना त्यात पी असतो, बोलताना नाही. एकीने 'रिसिप्ट' म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा हसला. हसू द्या, पावती तर मिळाली! "प्लीज गिव्ह मी अ रिसीट." मला पावती द्या. वसुलीवाला दारात येऊन पैसे नेतो तेव्हा हे वाक्य फार कामाचं.

मोबाईलवर मेसेज येतो, त्यात 'क्रेडिटेड' असेल तर पैसे आले, 'डेबिटेड' असेल तर गेले. आमच्यातल्या एकीचे 20 रुपये गेले म्हणून ती तणतणत बँकेत गेली. तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता निघाला, 2 लाखांच्या अपघात विम्याचा. जीवनज्योतीचे 436 रुपये कापतात, तेही वर्षातून एकदाच. तरी विचारायचंच: "व्हाय वॉज धिस अमाउंट डेबिटेड?" ही रक्कम का कापली? आपल्या संमतीशिवाय विमा गळ्यात घालता येत नाही.

हे सगळं इंग्रजीतच विचारा असं आम्ही म्हणत नाही. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला कळेल अशा भाषेत लोन कार्ड द्यायचं. म्हणून आमच्या काकूंनी एकच वाक्य पाठ केलं आहे: "प्लीज एक्स्प्लेन इन मराठी." मराठीत समजावून सांगा. परवा त्यांच्यापुढे पुन्हा एक कागद आला. हे वाक्य म्हणून त्या पेन खाली ठेवून बसल्या, आणि अर्ध्या तासाने सही न करताच घरी आल्या.