रोखा सुरक्षित, पण कशापासून?



आज या विषयावर बोलतोय, त्याला कारण माझे मामू. ते एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या पैशातले चार लाख त्यांनी एका कंपनीच्या रोख्यांत, म्हणजे बाँडमध्ये घातले. ओळखीचा एजंट म्हणाला होता, ‘बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, आणि एकदम सेफ.’ मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. कागद मीच वाचले, सही कुठे करायची तेही मीच दाखवलं. दोन वर्षं व्याज आलं, मग थांबलं. आजवर दीड लाखही परत आलेले नाहीत. मामूंनी मला कधी बोल लावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

रोखा म्हणजे आपण दिलेलं कर्ज. सरकारला दिलं तर सरकारी रोखा, कंपनीला दिलं तर कंपनीचा. शेअर घेणारा मालकीत भागीदार असतो, रोखा घेणारा सावकार असतो. मग सावकाराने विचारायचा पहिला प्रश्न विचारा: हा माणूस परत देईल का?

भारत सरकार रुपयात घेतलेलं कर्ज बुडवेल, ही शक्यता फार कमी. कर लावण्याचा अधिकार त्याच्या हातात आहे. कंपनीच्या हातात फक्त तिचा धंदा असतो. म्हणून ती जास्त व्याज देते. ते दोन टक्के बक्षीस नव्हते, मामूंनी उचललेल्या जोखमीची ती किंमत होती.

‘पण रेटिंग चांगलं होतं,’ असं कुणी म्हणेल. आयएल अँड एफएस या बड्या कंपनीला २०१८च्या ऑगस्टपर्यंत ‘ट्रिपल ए’ हे सर्वोच्च मानांकन होतं. सप्टेंबरमध्ये ते ‘डी’वर आलं, म्हणजे थकबाकीदार. कर्ज होतं ९० हजार कोटींहून अधिक. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसेही त्यात अडकले. रेटिंग म्हणजे एका संस्थेचं मत, हमी नव्हे.

मग सरकारी रोखा पूर्ण सुरक्षित? बुडण्यापासून, हो. किंमत घसरण्यापासून, नाही. समजा, तुम्ही हजार रुपयांचा, दहा वर्षांचा, सात टक्क्यांचा रोखा घेतला. उद्या बाजारात दर आठ टक्के झाला, तर तुमचा सात टक्क्यांचा रोखा हजाराला कोण घेईल? त्याची किंमत साधारण ९३३वर येते. मुदत तीस वर्षांची असेल तर ८८७वर. शेवटपर्यंत थांबलात तर हजार मिळतील. मध्येच बहिणीचं लग्न किंवा अम्मीचं ऑपरेशन निघालं, तर तोटा सोसून विकावा लागेल. आणि महागाई व्याजापेक्षा जास्त असेल, तर सगळे पैसे वेळेवर मिळूनही त्यांत कमी सामान येतं.

आपल्यातल्या काहींना व्याजच नको असतं. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण तुमचा पीएफ कापला जातो, तेव्हा तोही बहुतांश रोख्यांतच जातो. त्यामुळे हा विषय कळणं कुणालाच टळत नाही.

सरकारी रोखे घ्यायला आता एजंट लागत नाही. रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सोय नोव्हेंबर २०२१पासून आहे. खातं मोफत, सुरुवात दहा हजारांपासून. कंपनीचा रोखा घ्यायचाच असेल, तर विकणारा सेबीकडे नोंदलेला आहे का ते पाहा. रोखा तारण ठेवून काढलेला आहे की बिनतारण, ते वाचा. कंपनी बुडाली तर तारणवाल्यांचा हक्क आधी येतो. तारण असलं म्हणून सगळं परत मिळेलच असंही नाही. मध्येच विकायची वेळ आली तर घेणारा कोण, हेही विचारा. आणि घरातली सगळी पुंजी एकाच कंपनीत घालू नका.

तुमच्या घरातही कागद तुमच्याचकडे येतात. शिकलेलं पोर म्हणून सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. कुणी ‘सेफ आहे’ म्हणालं, की तिथेच विचारा, ‘कशापासून?’ त्या दिवशी मी ते विचारलं नाही.