गाडीची चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोटारीवर बोलायला उभी राहिले म्हणून काहीजणी गालातल्या गालात हसत आहेत, ते मला दिसते आहे. पण आमच्या घरात सध्या हाच विषय आहे. मुलाला कड्याहून नगरला प्रवासी नेण्यासाठी मोटार घ्यायची आहे, आणि त्यासाठी माझ्या पाटल्या मोडायच्या आहेत. पाटल्या माझ्या, तेव्हा प्रश्न विचारण्याचा हक्कही माझाच.

इंधनाची गोष्ट आपणां बायकांना नवी नाही. तीन दगडांच्या चुलीत लाकूड भाराभर जळते, पण भांड्याला आच लागते थोडी. पेट्रोलच्या मोटारीचेही तसेच आहे. शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी पंचवीस-तीस रुपयांचेच काम चाकापर्यंत पोचते; बाकीची नुसती उष्णता होते. विजेच्या मोटारीत शंभरातले ऐंशीच्या आसपास चाकाला मिळतात. ब्रेक दाबला की मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत थोडी परतही घालते.

हे काही दूरदेशीचे नवल नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. नगर-पुणे मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेची 'शिवाई' धावू लागली. रस्ता तोच, चूल बदलली.

दुसरा प्रकार हायब्रिड. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या कड्यावरून नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, ती डेमू गाडी होती. डेमूत डिझेलचे इंजिन वीज तयार करते आणि त्या विजेवर चाके फिरतात. हायब्रिड मोटारीत इंजिनाला मोटर आणि बॅटरी या दोघांची जोड असते. पेट्रोल भरावेच लागते, पण कमी. शहरात घडोघडी थांबावे लागते, तिथे तिची बचत जास्त. मोकळ्या रस्त्यावर तेवढी नाही.

तिसरा हायड्रोजन. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात आपल्याच देशात तयार झालेली हायड्रोजनची बस दाखवली गेली. हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू एकत्र येऊन वीज होते, मागे उरते पाणी. टाकी काही मिनिटांत भरते. पण पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासाहून अधिक युनिट वीज आणि निदान नऊ लिटर पाणी लागते. पुन्हा त्याची वीज करताना निम्मी वाया जाते. लांब पल्ल्याच्या अवजड गाड्यांना ते कदाचित परवडेल. आपल्या घराला नाही.

आता खरा प्रश्न. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वीज येते कोठून? आपल्याच जिल्ह्यातले परळीचे वीज केंद्र कोळशावर चालते, आणि २०१३ च्या दुष्काळात ते पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेवर मोटार चालवली, तर धूर आपल्या दारातून परळीच्या चिमणीत गेला, इतकेच. म्हणून छपरावर सूर्याची वीज करता आली, तरच ही चूल खरी बिनधुराची.

मी मुलाला तीन प्रश्न विचारले. रोज किती धावणार? रात्री कोठे भरणार? बॅटरी थकली तर काय? नगरला जाऊन येऊन शंभर किलोमीटर धरले, तर लहान मोटारीला पंधराएक युनिट लागतील. पेट्रोल पाच-सहा लिटर लागले असते, तेही लिटरला शंभराच्या वर. पल्ला ठरलेला, मोटार रात्री दारात. म्हणून विजेचीच घ्यायची ठरले. परंतु रात्री वीज गेली तर सकाळची फेरी चुकेल, हे त्याने वहीत लिहून ठेवले आहे. बॅटरीची हमी किती वर्षांची, हे कागदावर घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हेही मी बजावले आहे.

आणि पाटली एकच मोडायची. दुसरी बॅटरीच्या म्हातारपणासाठी राहील. बाकीचे पैसे त्याने कर्ज काढून फेडावेत.

भगिनींनो, घरात मोठी वस्तू येते तेव्हा आपण हळदकुंकू वाहून मोकळ्या होतो. यापुढे हळदकुंकवाच्या आधी हिशोबही विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.