पदवी कशासाठी?



मुलगा बी.ए. झाला की आपण विचारतो, ‘नोकरी कुठे?’ मुलगी झाली की विचारतो, ‘स्थळ कुठे?’ या दोन प्रश्नांतच आपल्या उच्च शिक्षणाचा सारा हिशेब सामावला आहे.

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची संस्थाने घ्या. तेथे मोडी आणि जमाखर्च येणाऱ्या मराठी मुलाला दरबारी कारकुनी मिळे. पदवीवाचून अडत नसे. 1948 मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, दरबार उठला आणि पदवी हीच पोटाची सनद ठरली. 1957 मध्ये उज्जैनला, 1964 मध्ये इंदूरला विद्यापीठ निघाले. मुलगे तिकडे गेले; मुलींच्या वेळी मात्र वडीलधाऱ्यांना खर्च आठवला.

पुढे 1970 नंतर देवासला नोटांचा छापखाना आला, 1980 नंतर धार जिल्ह्यात पीथमपूरचे कारखाने उभे राहिले. यंत्रापाशी काम मिळणाऱ्या मुलाला आयटीआयचा दाखला पुरेसा वाटतो. मुलीला ते दार अरुंद. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर तिला पदवी हवीच. मध्य प्रदेशाने 1997 मध्ये शासकीय भरतीत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखल्या; 2023 मध्ये त्या 35 टक्के केल्या. अशी एक जागा दिसली की जो बाप उपदेशाने हलत नाही, तो मुलीची फी भरतो.

म्हणून माझे मागणे एवढेच: मुलींना ‘शिका’ म्हणून सांगणाऱ्यांनी आधी आपल्या कचेरीत, कारखान्यात, पेढीवर त्यांना जागा द्यावी. कॉलेजची वाट त्या आपणच धरतील.