कुपींतील प्रतिविष



मृगाचा पाऊस पडून गेला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेकांठच्या काळ्या रानांतून पेरणीची लगबग सुरू होते. त्याच सुमारास बिळांत पाणी शिरतें आणि साप बाहेर पडतात. संग्रामपूर किंवा जळगांव जामोद तालुक्यांतील एखादा शेतकरी अंधारांत बांधावरून चालला असतां घोणस त्याच्या पायाला दंश करते. त्याला रुग्णालयांत आणतात आणि परिचारिका कपाटांतून कांचेच्या कुप्या काढते. त्या कुप्यांतील औषध कारखान्यांत किती उत्तम तयार झालें होतें, हा प्रश्न त्या क्षणीं गौण ठरतो. त्या रात्रीं त्याच्या अंगीं किती बळ उरलें आहे, हाच खरा प्रश्न. आज मी याच प्रश्नाविषयीं बोलणार आहें.

सर्पदंशावरील प्रतिविष हें घोड्याच्या रक्तापासून तयार होतें. घोड्याला सापाचें विष अगदीं अल्प मात्रेंत, क्रमाक्रमानें वाढवीत टोंचतात. त्याच्या रक्तांत विषाला निष्प्रभ करणारीं प्रथिनें निर्माण होतात. त्यांना प्रतिपिंडें म्हणतात. तीं वेगळीं काढून, शुद्ध करून कुपींत भरतात. परळ येथें १८९९ मध्यें स्थिरावलेल्या आणि १९२५ पासून हाफकिन यांचें नांव धारण करणाऱ्या संस्थेनें हें काम महाराष्ट्राच्या परिचयाचें केलें. १९७५ मध्यें तेथील औषधनिर्मितीसाठीं राज्य सरकारचें स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांविरुद्ध असतें. त्याचा एक मिलिलिटर नागाचें ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करील, असें त्याचें प्रमाण ठरलेलें आहे. एका रोग्याला आरंभींच अशा आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात.

आतां हें औषध बिघडतें कसें, तें पाहूं. प्रतिपिंडाचें सारें सामर्थ्य त्याच्या आकारांत असतें. लांब धाग्याची नीट घडी घालावी, तसा तो रेणू विशिष्ट रीतीनें दुमडलेला असतो. उष्णता लागली कीं घडी उलगडते आणि उलगडलेले रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या गांठी बनतात. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो, तो याच प्रकारानें. आणि थंड केल्यानें तो पुन्हां पातळ होत नाहीं. द्रावण जितकें दाट, तितके रेणू अधिक जवळ आणि गांठी होण्याची भीति अधिक. शिवाय अशा गांठी रोग्याच्या अंगावर विपरीत परिणामहि घडवूं शकतात. जोरानें हालविल्यास फेंस येतो, आणि त्या फेंसाच्या पृष्ठभागावरहि घडी मोडते. द्रव प्रतिविष चुकून गोठलें, तर बर्फाच्या कणांमधील फटींत प्रथिनें व क्षार दाटून बसतात आणि तेंहि हानिकारकच होतें. म्हणून द्रव औषध दोन ते आठ अंश सेल्सिअस या अरुंद पट्ट्यांतच ठेवावें लागतें. त्याला ऊनहि सोसत नाहीं, बर्फहि सोसत नाहीं.

बुलढाणा शहर घाटावर आहे, तेथील हवा कांहीशी सौम्य. पण घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव या पट्ट्यांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो. वीज गेली कीं शीतकपाट तें नुसतें कपाट उरतें. अशा मुलुखासाठीं उपाय काय?

तो उपाय आपल्या घरच्या स्त्रियांना तत्त्वतः ठाऊक आहे. कुरड्या, पापड, सांडगे वर्षभर टिकतात, कारण त्यांतील पाणी काढलेलें असतें. प्रतिविष मात्र उन्हांत वाळवितां येत नाहीं. म्हणून तें प्रथम गोठवितात, आणि मग निर्वात पात्रांत ठेवून त्यांतील बर्फाची थेट वाफ करून काढून घेतात. गोठण्याची बाधा होऊं नये म्हणून द्रावणांत साखरेसारखे किंवा ग्लायसीनसारखे संरक्षक पदार्थ आधींच मिसळतात; पाणी गेल्यावर तेच रेणूंना सांवरून धरतात. उरते ती हलकी पांढरी वडी. द्रव प्रतिविष साधारणतः तीन वर्षें टिकतें, तर ही वडी पांच वर्षांपर्यंत, आणि तिला शीतकपाटाची तितकी निकड नसते. तरी उन्हाची झळ तिलाहि बाधतेच, आणि ऐन वेळीं ती निर्जंतुक पाण्यांत विरघळविण्यांत मोलाचीं मिनिटें जातात. कुपी तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. घाईनें हालविली तर फेंस येतो.

हा खटाटोप कशासाठीं? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मेलीं, म्हणजे दरवर्षीं सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ मध्यें सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, ती उगीच नव्हे.

शहरांतील श्रोत्यांनाहि हा विषय परका नाहीं. संधिवात, कर्करोग यांवर आज जीं प्रतिपिंडांचीं इंजेक्शनें निघालीं आहेत, तीं याच जातीचीं व कित्येकदां फार दाट असतात. घरीं ठेवावयास दिलेलें असें इंजेक्शन बर्फाच्या कप्प्याला लावून ठेवूं नये, हालवूं नये, आणि बाहेर किती वेळ राहिलें हें आठवणीनें वैद्यास सांगावें. प्रतिविष मात्र घरीं कधींच बाळगूं नये. त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटण्याचा संभव असल्यानें तें रुग्णालयांतच द्यावें लागतें. साप चावल्यास जखम चिरूं नये, घट्ट दोर बांधूं नये. तो अवयव न हालवितां रोग्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

औषध शोधून काढणाऱ्यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. एमिल फॉन बेरिंग यांना रक्तरसाच्या उपचाराबद्दल १९०१ मध्यें वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें. पण दररोज सकाळीं शीतकपाटाचें तपमान वहींत टिपणाऱ्या परिचारिकेचें नांव कोणी घेत नाहीं. घोणस चावलेल्या त्या शेतकऱ्याचे प्राण मात्र तिच्या त्या नोंदीवरहि अवलंबून असतात. नवें औषध आलें किंवा नाहीं याची आपण जितकी चौकशी करतों, तितकीच तें कसें ठेवलें आहे याचीहि करूं या.