सणाचे गोड सणाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही वजन उतरवलेत, ते कसे ते चार शब्दांत सांगा." मी सातवी शिकलेली बाई. शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी तोंड उघडले नाही. पण विषय स्वयंपाकघरातला आहे आणि स्वयंपाकघरात मी पंचवीस वर्षे काढली आहेत. तेवढ्याच आधारावर उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम माझ्या आईविषयी सांगते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

माझे माहेर मालवण तालुक्यातल्या एका खेड्यात. आईला मधुमेह होता. तो कळला तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. पायाला काटा लागल्याचे निमित्त झाले, जखम भरेना, तेव्हा तपासणी झाली. पुढे पायाचे एक बोट काढावे लागले. त्या दिवसापासून आम्ही बहिणींनी गुळाचा आणि साखरेचा डबा कुलपात ठेवला. डॉक्टरांनी "जपून खा" असे सांगितले होते. आम्ही त्याचा अर्थ "अजिबात नको" असा घेतला. आई दोन दिवस गप्प राही आणि तिसऱ्या दिवशी रात्री उठून देवापुढचा गुळाचा खडा तोंडात टाकी. एकदा तिच्या उशीखाली खाज्याची पुडी सापडली, तेव्हा लहान मुलाला रागवावे तशी मी तिला रागवले. त्या वर्षी चतुर्थीला ती उंबऱ्याशी बसून मोदकांच्या पाऱ्या करीत होती. "माका एक तरी दी गो," असे म्हणाली. मी दिला नाही. मार्गशीर्षात आई गेली.

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. मी केले ते तिच्या भल्यासाठीच केले, असे मनाला पुष्कळदा समजावले. पण चतुर्थीला पारी हातात घेतली की ते शब्द ऐकू येतात.

आईनंतर दोन वर्षांनी माझे गुडघे दुखू लागले. डॉक्टरीणबाईंनी वजन केले, ते भरले ७४ किलो. उंची माझी पाच फूट एक इंच. कंबर ३७ इंच. त्या म्हणाल्या, आपल्याकडील बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. पोटावरची चरबी सर्वांत वाईट. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एक तपासणी असते, ती ६.२ आली. ५.७ च्या खाली असेल तर ठीक आणि ६.५ पासून मधुमेह. मी मधल्या पायरीवर उभी होते. "इथून मागे फिरता येते," असे बाईंनी सांगितले, आणि ते खरे आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माझ्यासारख्याच पायरीवरच्या लोकांनी खाणे सुधारले आणि चालणे वाढवले, तर तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले.

मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून भात बंद, साखर बंद, नारळ बंद, तेल बंद. आईच्या डब्याला लावलेले कुलूप आता स्वतःच्या तोंडाला लावले. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. शेजारणी विचारू लागल्या, मीही फुशारकीने सांगू लागले. मग चतुर्थी आली. पाहुणे होते तोवर मी एका मोदकालाही हात लावला नाही. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले आणि ओट्याशी उभ्या उभ्या सात मोदक खाल्ले. चव लागली असे म्हणवत नाही. सातवा घशाखाली उतरेना, तेव्हा आईची उशीखालची पुडी आठवली आणि रडू आले. त्यानंतर "आता नेम मोडलाच आहे" म्हणून दिवाळीपर्यंत हात आवरला नाही. सहा किलो गेले होते, सात परत आले.

लाज वाटत होती, तरी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ दिवस काही सोडू नका. फक्त जे तोंडात जाईल ते वहीत लिहा."

भगिनींनो, ती वही मी अजून ठेवली आहे. सकाळी चहा, दोन चमचे साखर. आमटीची चव पाहिली. धाकट्याच्या ताटातला अर्धा वडा राहिला, तो खाल्ला. ह्यांना नको म्हणून उरलेली भाकरी खाल्ली. कोणी आले, पुन्हा चहा, बरोबर दोन बटर. पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात खाल्ला. रात्री टीव्हीपुढे फरसाणाचा बकाणा. दिवसाचे पाच चहा, म्हणजे दहा चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर, गूळ, मध सगळे मिळून दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. मी चहातच ती मर्यादा ओलांडून बसले होते. आणि त्या आठ दिवसांत एकही सण नव्हता. एकही मोदक नव्हता.

मी मोदकाला दोष देत होते आणि वजन वाढत होते ते उरल्यासुरल्याने. आपल्या घरांत उरलेले कोण संपवते? बाई संपवते. "अन्न टाकू नको, पाप लागतला," हे सासूबाईंचे वाक्य मी पंचवीस वर्षे पाळले. अन्न टाकू नये हे खरेच आहे. पण भूक नसता ते पोटात ढकलले, तर ते कोणाच्या उपयोगी पडले? आता मी मापाने शिजवते. उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता करते. नाश्त्याच्या जोडीला नव्हे, नाश्त्याच्या जागी. वाट्या-पातेली पुसून खाणे सोडले.

बाकी केले ते थोडके आहे, पण रोज केले. चहा पाचाचे तीन केले. साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा, असे चार महिन्यांत उतरत आले. एकदम सोडली असती तर टिकले नसते. तेलाचा डबा महिन्याच्या सुरुवातीला वेगळा काढून ठेवला, कारण एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. बांगडा तळण्याऐवजी त्याचे तिखले होऊ लागले. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा होते. कुळथाच्या दर शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, त्यामुळे पोट भरलेले राहते. सोलकढी रोज नारळाच्या रसाची न करता चार दिवस फुटी कढी करते. भात सोडला नाही. उकड्या तांदळाचाच खाते, पण वाढून घेताना वाटीने मोजून घेते, आणि आधी भाजी, उसळ, मासे खाऊन मग भाताला हात घालते. सकाळी स्टेशनच्या रस्त्याने चालते. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत दम लागला होता, आता चाळीस मिनिटे चालते.

चालण्याचे महत्त्व सासूबाईंकडे पाहून कळते. १ मे १९८१ रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोस त्याचे मुख्य ठिकाण झाले. त्याआधी त्या विहिरीचे पाणी ओढत, भात कांडत, कसालच्या बाजाराला पायी जात. त्या जेवत होत्या ते जेवण आपण तसेच ठेवले, पण कामे गेली. नळ आला, मिक्सर आला, दाराशी रिक्षा आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि शेजारच्या गोव्यात प्रौढ माणसांपैकी शंभरात सव्वीस. गोव्याचे ताट आणि आपले ताट सख्ख्या बहिणी आहेत. हा इशारा आपल्यालाही आहे.

आपल्यापैकी काही जणी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवतात. मला ते सगळे जमले नाही, पण मधल्या वेळचे तोंड चालणे बंद करावे हा धडा मी त्यातून घेतला. मात्र ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी कोणताही नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका असतो. आणखी एक. साखर सोडून गूळ धरला म्हणजे पथ्य झाले असे नव्हे. गूळही साखरच. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, तळलेले वेफर खाऊनही वजन कमी होत नाही. तो उपास देवाला पोचत असेल, वजनकाट्याला पोचत नाही.

आता गोडाविषयी, कारण सगळ्या जणी त्याचीच वाट पाहत असतील. मी गोड सोडलेले नाही. भिंतीवरचे कालनिर्णय घेतले आणि त्यावर खुणा केल्या. नागपंचमीचे पातोळे, चतुर्थीचे मोदक, दिवाळीचे गोडे पोहे, आंगणेवाडीच्या जत्रेचे खाजे, मुलांचे वाढदिवस. त्या दिवशी खायचे, सर्वांबरोबर पाटावर बसून खायचे, आवडीने खायचे, आणि ठरवलेले तेवढेच. मोदक तीन. ते खायचे तर त्या जेवणात भात नाही. खुणेच्या दिवसाखेरीज बाजारातली मिठाई, बिस्किटे घरात नाहीत. असतील तर मी खाईन, हे मला ठाऊक आहे. म्हणून आणायचीच नाहीत.

आपल्या लहानपणी खाजे कधी मिळत होते? जत्रेला. पुडी संपली की पुढच्या जत्रेपर्यंत नाव नाही. आता ते बारा महिने दुकानात टांगलेले असते. खाजे बदलले नाही, तेच बेसन, तोच गूळ, तेच आले. त्याचा दिवस तेवढा हरवला. आपल्या वाडवडिलांनी सण कसे लावले आहेत पाहा. चतुर्थीला मोदक, तर लगेच दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी, कंदमुळे आणि पालेभाज्या. नरकचतुर्दशीला पहाटे डाव्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, आणि मग गोडे पोहे. लहानपणी मी तोंड वाकडे करीत असे. आता वाटते, आधी कडू आणि मग गोड, तेही त्याच्या दिवशी, हेच मला त्या वहीतून नव्याने शिकावे लागले.

फळ काय मिळाले तेही खरेखरे सांगते. पंधरा महिन्यांत ७५ वरून ६७ किलो झाले. तीन महिन्यांची साखर ५.८ आली. अजून ती ५.७ च्या खाली नाही. कंबर ३४ इंच आहे, साडेएकतीस दूर आहे. आंब्याच्या दिवसांत दरवर्षी दीड किलो वाढते. हापूस समोर असला की माझा धीर सुटतो, तो जेवणावर न खाता जेवणातच एक असा खायचा प्रयत्न चालू आहे. पण गुडघे दुखत नाहीत, आणि यंदा गौरीला मी पाचही रात्री फुगडी घातली.

आता मंडळाला एक विनंती. आपल्या सभेला, हळदीकुंकवाला खाणे अवश्य असावे. पण आग्रह नसावा. "एकाने काय होते?" हे वाक्य आपण एकमेकींना प्रेमाने म्हणतो. ज्या बाईने त्या एकासाठी मनाशी झुंज दिलेली असते तिला ते फार जड जाते. बशी पुढे करावी, तिने एक घेतला तर आनंद, न घेतला तरी आनंद. आणि तिने घेतला तर "अगो, तुझे पथ्य ना?" असेही म्हणू नये. ते मी आईला म्हटले आहे.

माझ्या सासूबाईंनाही आता मधुमेह आहे. यंदा चतुर्थीच्या आधी मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी सासूबाईंचा भात काढून टाकला आणि पानात एक मोदक वाढला. कुलूप नाही, चोरी नाही. सर्वांच्या पंक्तीत बसून त्यांनी तो एक मोदक सावकाश, अर्धा तास लावून खाल्ला आणि दुसरा मागितला नाही. मी वाढत होते. माझे डोळे भरून आले ते चुलीच्या धुराने, असे मी ह्यांना सांगितले. आमच्याकडे गॅस आहे.