काच, लेसर आणि उष्णता

(विज्ञान दिनानिमित्त मावला येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. तेव्हा जे मला समजले तेवढेच, आणि जसे समजले तसेच, आपणांपुढे मांडणार आहे.

आरंभ कंदिलापासून करू. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. थेंबाच्या भाराने काच फुटत नाही. थेंब पडतो तेथील काच एकाएकी आकसते, भोवतालची मात्र फुगलेलीच राहते. या ओढाताणीत तडा जातो. काच उष्णता सावकाश वाहून नेते, हे तिच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ आहे.

हे दुखणे आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालविला. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. काच सुमारे १,५०० अंशांवर वितळवावयाची, घडवावयाची आणि नंतर साडेपाचशे अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू निववावयाची, हा या धंद्याचा शिरस्ता. निववण्यात घाई झाली तर वस्तू दिसावयास सुबक, पण आत ताण कोंडलेला. आज ना उद्या ती फुटणारच.

आता लेसर. भिंगाने उन्हात कापूस पेटविण्याचा खेळ आदिलाबादच्या मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. पण भिंग आणि कापूस यांमध्ये खिडकीची काच धरली तर कापूस पेटतो, काच जवळजवळ थंडच राहते, कारण प्रकाश तिच्यातून निसटून जातो. मग प्रकाशाने काच कापावयाची कशी? याचे उत्तर वेळेत आहे. एका सेकंदाचे दहा कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावे. अशा एका सूक्ष्म भागास फेम्टोसेकंद म्हणतात. सेकंदात तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश शंभर फेम्टोसेकंदांत केसाच्या जाडीएवढाही पुढे जात नाही. एवढ्या अल्प काळात सारी ऊर्जा एका बिंदूवर ओतली की प्रकाशास जाऊ देणारी काचही त्या बिंदूपुरती तो गिळू लागते. वरचा पृष्ठभाग जसाच्या तसा, आणि खूण काचेच्या पोटात! असे प्रखर झोत निर्माण करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ साली काढली. त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या झोताची ऊर्जा प्रथम इलेक्ट्रॉन घेतात आणि नंतर अणूंना देतात. हे देणे पुरे होण्याआधीच झोत संपलेला असतो, म्हणून याला ‘थंड’ काम म्हणण्याचा प्रघात पडला. माझ्या मते हे नाव फसवे आहे. त्या बिंदूवर हजारो अंश तापमान होऊ शकते. फक्त ते पसरावयास सवड मिळत नाही. एक-दोन मायक्रॉनच्या जागेतील उष्णता भोवती विरावयास साधारणतः सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. सेकंदाला हजारभर झोत सोडले तर प्रत्येक झोतापूर्वी जागा निवते. तेच दहा लाख किंवा अधिक सोडले तर आधीची ऊब जावयाच्या आतच नवी येऊन पडते. चुलीवरून वारंवार उतरविलेला तवा आणि चुलीवर ठेवूनच दिलेला तवा, असा हा भेद आहे. दुसऱ्या प्रकारात काच आतल्या आत वितळते. दोन काचा डिंकावाचून सांधावयास हे उपयोगी पडते. पण बारीक खुणा कोरावयाच्या असतील तर तोच साठा घातक, कारण खूण पसरते आणि निवताना तडे जातात.

म्हणून काही कामांत काच आधीच तापवून घेतात. बिंदू व भोवताल यांतील अंतर कमी झाले की ताण घटतो. साडेपाचशे अंशांवर काच निवविणाऱ्यांचेच शहाणपण हे. शुद्ध सिलिका काच उष्णतेने फारच थोडी फुगते, साध्या खिडकीच्या काचेच्या सुमारे पंधराव्या हिश्शाने. त्यामुळे ती तडक्यांस सहज बधत नाही. आपल्याकडील मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांनी काचेचे काही बिघडत नाही. यंत्राचे मात्र बिघडते: आरसे किंचित सरकले की बिंदू चुकतो, यासाठी प्रयोगशाळेचे तापमान अहोरात्र एकसारखे राखतात. येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, हैदराबाद विद्यापीठात, असे फेम्टोसेकंद लेसर चालविले जातात.

याच्याशी गावाचा काय संबंध? १९५४-५५ ची खासरा पहाणी ज्याच्या वादात निघाली असेल त्यास विचारावे. कागदाला वाळवी लागते, ओल लागते, आग लागते, आणि शेतकऱ्याचा हक्क त्या एका पानावर टांगलेला असतो. संगणकाच्या चकत्याही काही वर्षांनी बदलाव्या लागतात. सिलिका काचेच्या पोटात लेसरने खुणा कोरून माहिती साठविण्याची पद्धत साउदॅम्प्टन विद्यापीठात विकसित झाली. अशी नोंद १,००० अंशांपर्यंत टिकते असे तेथील संशोधक सांगतात. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने पंचाहत्तर मिलिमीटर चौरस, दोन मिलिमीटर जाड काचेवर एक संपूर्ण चित्रपट साठविला. अशा काचा उकळूनही पाहिल्या, भट्टीतही घातल्या. मात्र खूण वाचावयास सूक्ष्मदर्शक लागतो आणि लिहावयास महागडे यंत्र. उद्याच हे आपल्या कचेरीत येईल असे मी म्हणणार नाही. तोवर दप्तरखान्याचे छप्पर गळू न देणे हे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी लेसर लागत नाही.

शिक्षकांस एक सुचवितो. काचेतील कोंडलेला ताण डोळ्यांस दिसत नाही, पण दाखविता येतो. संगणकाचा पांढरा पडदा उजळवावा, ध्रुवित भिंगांचा गॉगल डोळ्यांपुढे धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा आणि मध्ये मुलांची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरावी. रंगांचे पट्टे उमटतील. जेथे ते दाटीवाटीने येतात, तेथे ताण झपाट्याने बदलत असतो.