तेरवीचा भात



मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की माणसं कुलरमध्ये पाणी टाकतात आणि गप्प पडून राहतात. अशा वेळी वृद्धाश्रमाच्या फाटकाशी एक मालवाहू रिक्षा येऊन थांबली. जवळच्या गावात तेरवी होती. पंगती उठल्या, अन्न उरलं. ते वाया जाऊ नये म्हणून घरचा मुलगा ते आमच्याकडे घेऊन आला होता. दोन गंज भात, एक गंज वांग्याची भाजी आणि परातभर बुंदी. भात कधी शिजला, असं विचारलं. म्हणाला, सकाळी दहाला. झाकण उचललं तर वाफ नाही, नुसती कोमट ऊब.

मी त्या आश्रमाच्या कोठीचा हिशेब बघते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून हे काम अंगावर आहे. त्या दिवशी मी बुंदी ठेवून घेतली आणि भात-भाजी परत पाठवली. डोक्याचं मुंडण केलेल्या, बाप गेलेल्या मुलाला ‘हे अन्न परत ने’ म्हणणं काही सोपं नाही. आतून दोन आजोबा बघत होते. त्यांनाही ते आवडलं नाही. अन्नाला नाही म्हणू नये, असं ऐकत वाढलेली माणसं ती.

पण भाताचं एक आहे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं एक विष असं की भात पुन्हा चांगला गरम केला तरी ते जात नाही. म्हणून शिजलेलं अन्न एक तर 60 अंशांच्या वर ठेवायचं, नाही तर लवकर थंड करून 5 अंशांच्या आत. मधला सगळा टापू धोक्याचा, आणि मे महिन्यात आमचं अख्खं समुद्रपूर त्या टापूत असतं. तरण्या माणसाला दोन उलट्या होतील, दुसऱ्या दिवशी तो शेतात जाईल. ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला त्याच दोन उलट्यांनी दवाखान्यात न्यावं लागतं. वयाबरोबर तहानसुद्धा बोथट होते. अंगातलं पाणी गेलं तरी तो मागत नाही.

पुष्कळांना वाटतं, धर्मादाय घराला कसला आलाय कायदा? आम्ही काही हॉटेल चालवत नाही. पण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न व्यवसाय’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात नफ्यासाठी असो की बिननफ्याचा, दोन्ही धरले आहेत. म्हणून नोंदणी, भिंतीवर लावलेला 14 आकडी क्रमांक, पाण्याची तपासणी, स्वयंपाक करणाऱ्या बायांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, हे सगळं आलंच. उरलेल्या अन्नाच्या दानासाठी तर 2019 चे वेगळे नियम आहेत. काय पदार्थ, कोणी दिला, कधी केला, कधीपर्यंत खायचा, हे त्यावर लिहिलेलं असावं लागतं. तेरवीच्या गंजावर अशी चिठ्ठी कोण लावणार? निदान तोंडी तरी विचारावं. मी तेवढंच केलं होतं.

हे झालं सुरक्षेचं. पोषणाचं दुखणं निराळं, कारण ते तपासायला कोणी फॉर्म घेऊन येत नाही. मी एकदा वही घेऊन बसले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं माणसाला किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे साधारण 41 ग्रॅम. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे 22 च्या आसपास असतात. आमच्या पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ पडते जेमतेम 20 ग्रॅम. म्हणजे चार-साडेचार ग्रॅम झाले. उरलेले कुठून आणायचे? भाकरीतून म्हणाल, तर आजीला दात नाहीत. ती कडा सोडून मधलं मऊ तेवढं खाते. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण आमच्या आश्रमात मी तो तांदूळ आणला तेव्हा निम्मा ताटात राहिला. कवळी नसलेल्या तोंडाला कोंडा चावत नाही.

तेव्हापासून मी जेवणं झाल्यावर मोरीपाशी उभी राहते. ताटात परत काय येतं ते बघते. पोळी आली की दुसऱ्या दिवशी ती दुधात कुस्करून द्यायची. वरण घट्ट केलं. आठवड्यातून दोनदा चून, म्हणजे पिठलं, आणि एकदा गोळाभात, सोबत भरपूर कढी, म्हणजे गोळा घशात अडकत नाही. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅम, त्यामुळे लोणच्यावरून रोज भांडण होतं. जिभेची चव गेलेल्या माणसाला लोणचं आवरा म्हणणं क्रूर आहे, हे मी कबूल करते. त्यावर जवसाची चटणी आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, एवढाच उतारा सापडलाय. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांचं वजन करतो. दोन किलो उतरलं की आधी दात बघायचे, मग मन.

आता फाटकावर एक पाटी लावली आहे. तिच्यावर ‘शिजलेलं अन्न आणू नये’ असं लिहिलेलं नाही, ते उर्मट वाटलं असतं. ‘शिधा स्वीकारला जाईल’ एवढंच आहे. शिधा हा शब्द आपल्याकडे जुनाच, त्यामुळे कोणाला राग येत नाही. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. आणि हळद. आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळकुंडं आणून दिली तर उत्तम, कारण दळलेल्या हळदीत भेसळ सहज लपते.

तो तेरवीवाला मुलगा दिवाळीत परत आला. मला वाटलं, भांडायला आला असेल. खांद्यावर घरच्या तुरीच्या डाळीचा कट्टा होता. डाळ गिरणीवरची नव्हती, जात्यावर भरडलेली होती, त्यामुळे निवडावी लागणार होती. ओसरीवर चार आज्या सुपं घेऊन बसल्या. जाऊ लागला तसं एकीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि एक सूप त्याच्यापुढे सरकवलं. थोड्या वेळानं तिनं त्याच्या सुपातून तीन खडे काढून त्याच्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, “कावून रे, डोळे म्हातारे झाले का तुझे?”